गप्प बसणाऱ्यांची भिशी

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे वाण्याची यादी सोडली तर हातात पेन आलं नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. खरं म्हणजे वाचणारं कुणी नाहीच. ही वही मी ज्वारीच्या डब्यामागे ठेवते. पण ताई एखाद दिवशी हट्ट करून मागेल, म्हणून ती वाचेल असं धरून लिहिते. सुरुवातीच्या पानांवर ओळी वर-खाली गेल्या आहेत, दोन ठिकाणी तर एकीवर एक चढल्या आहेत. त्याचं कारण पुढे येईल.

जायचं होतं ते ताईनेच. तिची अपर्णा सिंगापूरला एका बँकेत नोकरी करते. तिचं पहिलं बाळंतपण फेब्रुवारीच्या शेवटी होतं आणि जानेवारीत ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. साल २००६. ताई पलंगावरून म्हणाली, "वत्सू, तूच जा."

मी म्हणाले, "अगं, कराडच्या स्टँडवर गाडी कुठली ते विचारायलाही माझी जीभ उचलत नाही."

"विमानात काही विचारावं लागत नाही. बसायचं आणि उतरायचं."

ह्यांनी दोन दिवस गिरणी बंद ठेवून मला मुंबईला विमानतळावर सोडलं. मी बसले आणि उतरले. ताईचं खरं होतं. मधल्या वेळात हवाईसुंदरीने काय पाहिजे ते तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली, म्हणून तीनदा टोमॅटोचा रस मिळाला.

जावई, निखिलराव, घ्यायला आले होते. विमानतळावर गालिचा अंथरलेला, त्यावरून चालताना चपला काढाव्यात असं वाटत होतं. बाहेर टॅक्सीतून पाहिलं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, आणि त्यांची पानंही पुसल्यासारखी. हवा मात्र आपल्या गिरणीत दुपारी असते तशी, दमट आणि गरम. मला परकं वाटलं नाही ते त्या हवेमुळेच.

अपर्णाचा फ्लॅट तोआ पायोहला, अकराव्या मजल्यावर. सरकारने बांधलेल्या जुन्या इमारती आहेत, एकीसारखी दुसरी. खाली बाजार, दवाखाना, देऊळ, सगळं चालत जायच्या अंतरावर. निखिलरावांचे मित्र म्हणे तिकडे कॉन्डोत राहतात, पोहायचा तलाव वगैरे. पण हे दोघं पैसे साठवतायत.

तिथे कपडे वाळत घालायची तऱ्हा वेगळी. लांब बांबूत कपडे ओवायचे आणि तो बांबू खिडकीबाहेर भिंतीतल्या नळीत खोचायचा. अकराव्या मजल्यावरून कपडे झेंड्यासारखे फडकतात. दुसऱ्याच दिवशी मी माझं हिरवं लुगडं तसं घातलं. चिमटे लावायचे हे कुणी सांगितलं नव्हतं. लुगडं सुटलं, हलत हलत खाली गेलं आणि सातव्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी बांबूवर जाऊन बसलं. मी खिडकीत हात जोडून उभी. शेजारच्या खिडकीतून एका बाईने ते पाहिलं, हसून हाताने "थांबा" केलं आणि पाच मिनिटांत लुगड्याची घडी घालून दारात हजर. ती लूझ. फिलिपीन्सची, चाळिशीतली. शेजारच्या लिम आजींकडे कामाला राहते. तिने मला चिमटे कसे लावायचे ते दाखवलं. मी तिला बेसनाचा लाडू दिला. आम्हा दोघींची भाषा एक नव्हती, पण कपडे वाळत घालायला भाषा कशाला लागते?

दुसरी फजिती हॉकर सेंटरमध्ये झाली (एका मोठ्या छपराखाली पन्नास टपऱ्या, पण फरशी लख्ख). एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांची छोटी पुडी पडली होती. कुणीतरी विसरलं असं समजून मी ती उचलली आणि समोर चाललेल्या मुलीला धावत जाऊन दिली. निखिलराव कपाळाला हात लावून आले. तिथे टेबल अडवायचं असेल तर अशी पुडी ठेवतात, एस.टी.त आपण खिडकीतून रुमाल टाकतो तशी! पुडी त्या मुलीचीच निघाली. तिने "नेव्हर माइंड लाह, आंटी" (आपण 'गं' लावतो तसं तिथे 'लाह' लावतात) म्हणत आम्हालाच शेजारी बसवून घेतलं. मग कोपी प्यायले (तिथली कॉफी, दाट आणि गोड). टोस्टला नारळाचा गोड लेप लावून देतात, तोही आवडला. त्यात अंडं असतं हे नंतर कळलं, तेव्हा मी विषय बदलला.

बाळ झालं. मुलगी. न्हाऊ-माखू, शेक, डिंकाचे लाडू यात तीन आठवडे कसे गेले कळलं नाही. मग एका शनिवारी लिम आजी चाकाच्या खुर्चीत बसून आमच्या दारात आल्या. वय बहात्तर, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं. अंगाने चिमणीएवढ्या, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्या अपर्णाशी इंग्रजीत बराच वेळ बोलल्या.

अपर्णा हसू दाबत म्हणाली, "मावशी, उद्या सकाळी आजींना प्रार्थनेला जायचंय. खुर्ची ढकलशील का म्हणतायत."

"लूझ नाही का?"

"लूझपण तिथेच जाते. पण रविवारी ती आजींची खुर्ची ढकलत नाही. आजीच ढकलू देत नाहीत. म्हणतात, सोमवार ते शनिवार ती माझी कामवाली, रविवारी ती माझी मैत्रीण. मैत्रिणीला खुर्ची ढकलायला लावतात का?"

मला याचा अर्थ लागेना. पण 'नाही' म्हणायलाही बोलावं लागतं, म्हणून मी 'हो' म्हणाले.

रविवारी लिफ्टपाशी लूझ उभी. निळा झगा, ओठांना लाली, हातात छोटी पर्स. मी खुर्ची ढकलतेय, ती शेजारून मोकळ्या हातांनी चालतेय. मला कसंसंच झालं. चढाच्या जागी लूझचा हात आपोआप खुर्चीकडे गेला, तर आजींनी तो चापट मारून बाजूला केला. लूझ मोठ्याने हसली. हा त्यांचा दर रविवारचा खेळ असावा.

एमआरटीने, म्हणजे तिथल्या लोकलने, दोन स्टेशनं गेलो. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याची खोली. आत गेले तर देव नाही, फोटो नाही, क्रूसही नाही. गोल मांडलेल्या खुर्च्या, मध्ये टेबलावर एक पेला, त्यात दोन फुलं. दहा-बारा माणसं येऊन बसली. मी वाट पाहिली की आता कुणी तरी गाईल, वाचेल. कुणीच काही केलं नाही. सगळे गप्प. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पंख्याचा आवाज तेवढा. अर्ध्या तासाने एक गृहस्थ उठले, चार वाक्यं बोलले, खाली बसले. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. परत गप्प. तास झाल्यावर दोघांनी हात मिळवले आणि संपलं!

मी जन्मभर ऐकत आले, "वत्सू, बोल की गं काहीतरी," "वहिनी अबोलच आहेत." लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला हेच. पन्नास वर्षांत ही पहिली जागा पाहिली, जिथे गप्प बसल्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही. उलट त्यासाठीच जमले होते. मी मनात रामरक्षा म्हटली. ती संपली, तरी वेळ उरला. मग नुसती बसले.

नंतर एक सावळी, चष्मेवाली बाई माझ्याशेजारी येऊन हिंदीत बोलली तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. ही रेणू. मध्य प्रदेशातली, इथे नर्स आहे. तिचे आजी-आजोबासुद्धा याच पंथाचे. तिने मला सांगितलं, यांना क्वेकर म्हणतात. ते स्वतःला मित्र म्हणवतात. यांच्यात पुजारी नाही. देव प्रत्येकाच्या आत थोडा आहे, म्हणून गप्प बसून ऐकायचं. ज्याला आतून काही आलं त्याने उभं राहायचं आणि बोलायचं. एक उभा असताना दुसऱ्याने उठायचं नाही.

मी विचारलं, "मैं तो हिंदू हूँ. चलेगा?"

ती म्हणाली, "दीदी, आप जैसे चुप बैठती हैं, वैसा तो हम में से किसी को नहीं आता."

मग जेवण. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. पुढच्या रविवारपासून मी थालीपीठ आणि दाण्याची चटणी नेऊ लागले.

जेवताना मात्र तीच माणसं अशी भांडायची की एका तासापूर्वी गप्प बसले होते हे खरं वाटू नये. सगळ्यात जास्त जुंपायची ती लिम आजींची आणि ग्रॅहमसाहेबांची. हे साहेब इंग्लंडचे, वीस वर्षं इथे आहेत. हार्बरफ्रंटला जहाज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. उंच, गुलाबी, हातातलं घड्याळ माझ्या सगळ्या दागिन्यांपेक्षा महाग. रेणू मला हिंदीत सांगत जायची, म्हणून समजायचं.

साहेब म्हणायचे, "रस्ते सुरक्षित, गाड्या वेळेवर. असं सरकार मला माझ्या देशात मिळालं असतं तर मी इथे आलोच नसतो."

आजी म्हणायच्या, "तुला काय जातं! तू पाहुणा. माझ्या वॉर्डात कुणी विरोधात उभंच राहत नाही, त्यामुळे मतदानच होत नाही. यंदा परत निवडणूक. यंदाही मी घरीच बसणार. शेवटचं मत कधी दिलं ते मला आठवत नाही."

"तरी लिफ्ट चालू आहे ना?"

"लिफ्ट चालू आहे. आणि तुझी जहाजं कुणाच्या लढाईला काय काय नेतात ते सांग आधी. वर इथे येऊन शांतीसाठी डोळे मिटतोस!"

साहेब लालबुंद व्हायचे आणि आजींच्या ताटात थालीपीठ वाढायचे. आजी ते खायच्या. लूझ दोघांकडे पाहून मला डोळा मारायची. मला नवल वाटायचं की ही माणसं परत पुढच्या रविवारी येतात कशी. आमच्या आळीत एकदा गणपतीच्या वर्गणीवरून वाद झाला तर दोन मंडळं झाली.

महिन्यातून एकदा जेवणानंतर त्यांची बैठक असते. तीही तशीच, मधे मधे गप्प बसून. रेणू ती चालवते. मार्चच्या बैठकीला मी आपली आजींच्या खुर्चीमागे बसले होते. लूझ उभी राहिली आणि खाली बघत थोडंसं बोलली. तिची मुलगी मनिलाला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फी थकली आहे. एप्रिलअखेर सहाशे डॉलर भरले नाहीत तर परीक्षेला बसू देणार नाहीत, वर्ष गेलं. तिला इथल्या पेटीतून पैसे उसने हवेत. (दाराशी एक लाकडी पेटी असते. ज्याला जमेल तेवढं त्यात टाकतो. कोण किती टाकतो ते कुणी पाहत नाही. लूझही टाकते.)

मला वाटलं, यात काय ठरवायचं? देऊन टाका! पण तसं नव्हतं.

आजी म्हणाल्या, "उसने कशाला? देऊन टाकायचे. पेटीत पैसा कुणाचा आहे? ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांचा. तो परत मागायचा हीच लाज आहे."

साहेब म्हणाले, "मी आत्ता माझ्या खिशातून चेक लिहितो. पण पेटीतून कर्ज नको. मित्रांनी मित्राचे सावकार होऊ नये. एकदा हप्ता मागायला लागलो की लूझ समोर बसलेली असताना आपण गप्प कसे बसणार?"

लूझ म्हणाली, "फुकटचे मी घेणार नाही. कुणाचेच नाही."

आमच्याकडे हात वर करून मोजले असते, पाच मिनिटांत झालं असतं. यांच्यात मत मोजतच नाहीत. थोडे हरले, जास्त जिंकले, हे त्यांना चालत नाही. सगळ्यांना पटेपर्यंत थांबायचं. रेणूने वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "अजून वाट दिसत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बसू." सगळे हो म्हणाले. लूझही हो म्हणाली. तिचा चेहरा मला पाहवेना. पुढचा महिना म्हणजे मुदत संपायला जेमतेम दोन आठवडे राहणार.

सोमवारी आम्ही दोघी आपापल्या खिडकीत बांबू घेऊन उभ्या. एव्हाना आमचं एक मोडकं बोलणं तयार झालं होतं, थोडं इंग्रजी, बाकी हातवारे. मी विचारलं, "आजी मनी? टेक?" आजी तर केव्हाच द्यायला तयार होत्या.

लूझने खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि हळू म्हणाली, "मॅडम गुड. व्हेरी गुड. दॅट्स व्हाय, नो." आणि स्वतःच्या मनगटाभोवती दोरी बांधल्यासारखं करून दाखवलं.

मला पटकन समजलं. चांगल्या माणसाचं फुकटचं घेतलं की जन्मभर त्याच्यासमोर नजर खाली. मग रविवारचा निळा झगा घालून मोकळ्या हातांनी शेजारून चालता येत नाही.

एप्रिलची बैठक आली. परत तेच. साहेब तेच म्हणाले, आजी तेच म्हणाल्या. फक्त दोघांचे आवाज खाली आले होते, कारण दोघांनाही लूझला मदत करायचीच होती. लूझ पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. मग सगळे गप्प बसले. बराच वेळ. इतका वेळ की माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधीर झाला. मी विचार केला, हळूच उठून दाराशी जाऊन पाय झटकावा.

मी उठले. आणि पाऊल टाकायच्या आत लक्षात आलं की काय केलं.

समोर साहेब बोलायला अर्धे उठले होते, ते मला पाहून परत बसले. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. माझं ऐकायला! पाय असा मेलेला की खालीही बसता येईना आणि पुढेही जाता येईना. मी आजींच्या खुर्चीची मूठ धरून उभी. कुणी घाई करेना, कुणी "बोला बोला" म्हणेना. ते म्हणाले असते तर मी बसलेच असते. ते थांबले, म्हणून तोंडातून निघालं.

माझं हिंदी कसं ते मलाच माहीत. मी म्हणाले, "हमारे गली में बारा बाई की भिशी है. हर महिना सब पचास रुपया डालते. फिर चिठ्ठी निकलता. जिसका नाम, उसको पूरा पैसा. फिर वो हर महिना भरते रहती. भिशी में डॉक्टरीणबाई है, और उसके घर का भांडी घासनेवाली पारूबाई भी है. डॉक्टरीणबाई को पैसे का कुछ गरज नहीं. पर उसका चिठ्ठी आया तो वो उठाती. छोडती नहीं. वो उठाती, इसलिए पारूबाई को उठाने में शरम नहीं लगता. बस इतनाच."

मग पायात जीव आला आणि मी बसले. कान गरम झाले होते.

रेणूने ते इंग्रजीत सांगितलं. पंखा फिरत होता. माझ्या मनात आलं, आता अपर्णाला काय सांगू, मावशीने परदेशात जाऊन पारूबाईची गोष्ट सांगितली म्हणून!

मग आजींचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. "हुई! माझ्या आईची हुई!" त्यांच्या चिनी बायकांतही असंच असायचं म्हणे. मग त्या साहेबांकडे वळल्या. "ग्रॅहम, कळलं का? तू उचल घ्यायचीस."

"मला गरज नाही."

"तेच तर म्हणतेय ती, लाह!"

साहेबांचा चेहरा मी प्रथमच असा पाहिला. देताना त्यांचा हात नेहमी खिशाकडे चटकन जायचा. आता तोच हात गुडघ्यावर पडून होता. शेवटी ते लूझकडे बघून म्हणाले, "मी आजवर कुणाचं काही घेतलेलं नाही. जमेल की नाही माहीत नाही."

लूझ म्हणाली, "इझी, सर. यू से थँक यू. देन यू पे." खोलीतले सगळे हसले.

रेणूने लिहिलं आणि वाचलं. पेटीतून लूझने सहाशे घ्यावेत. ग्रॅहमने शंभर घ्यावेत. दोघांनी महिन्याला थोडे थोडे फेडावेत, मागून बाकीच्यांनीही पाळी घ्यावी. व्याज नाही, आठवण करून द्यायला लाजू नये. आजी म्हणाल्या, "मला अजूनही देऊन टाकणंच बरोबर वाटतं. लिहून ठेव. पण मी आडवी येत नाही." रेणूने तेही लिहिलं. मग तिने विचारलं, हे सगळ्यांना मान्य आहे का? तिथे 'हो' म्हणत नाहीत, "अशी आशा आहे" म्हणतात. एकेकाने म्हटलं. लूझने शेवटी म्हटलं.

मी सुटकेचा श्वास टाकते तोवर आजींचं बोट माझ्याकडे. "आणि ही? भिशी काढणारीने नाव घालायला नको?"

मी घाबरले. "मुझे क्या चाहिए? सब है."

रेणू माझ्याकडे बघत होती. नर्सची नजर. म्हणाली, "दीदी, आप पिछले हफ़्ते चटनी का डिब्बा हाथ भर दूर पकड़ के देख रही थीं. चश्मा कब से नहीं बनवाया?"

चष्मा मी कधी केलाच नव्हता. ही वही अपर्णाने दिली तेव्हा अक्षरं पोहायला लागली, ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. मला वाटलं, चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर असंच असणार. डोळ्यांना दोष द्यायचं सुचलंच नाही. मी पेटीतून ऐंशी डॉलर उचलले. लूझने सहाशे उचलले ते मोजून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले, आणि सोमवारी सकाळीच पाठवले.

लूझ आणि मी तोआ पायोहच्या बाजारातल्या दुकानात जाऊन चष्मा केला. तो घालून बाहेर आले तर झाडांची पानं सुटी सुटी दिसली, आणि लूझच्या कपाळावर एक बारीक व्रण आहे तोही. घरी येऊन बाळाकडे पाहिलं. तिच्या पापण्या किती लांब आहेत ते मला दोन महिन्यांत दिसलं नव्हतं!

अपर्णा ऐकून थक्क. "मावशी, मी दिवसभर लोकांना कर्ज द्यायचं की नाही याचे कागद तपासते, आणि तू सिंगापुरात येऊन भिशी लावलीस? अगं, चष्मा मला नाही का सांगायचास?"

"तू बाळंतीण. तुला काय सांगू?"

"बरं, ते ऐंशी मी टाकते पेटीत."

मी नको म्हटलं. तिला वाईट वाटलं असेल. पण तिने भरले असते तर मी लूझबरोबर खिडकीत कशी उभी राहिले असते?

मेच्या मध्याला परतायचं होतं. त्याआधीच्या बैठकीला मी माझ्या हातखर्चातले पहिले दहा पेटीत टाकले. लूझने तिचे टाकले. साहेबांनी कपाळावर हात मारला, विसरले होते! पाकीट गाडीत राहिलं होतं. आजींना केवढा आनंद झाला! "बघा, सगळ्यात श्रीमंत माणूस पहिल्याच हप्त्याला बुडव्या." साहेबांनी त्या शंभरांची एक छत्री घेतली होती, लाकडी मुठीची. आजी म्हणाल्या, "शंभराची छत्री? मूठ सोन्याची आहे?" साहेब म्हणाले, "नाही. पण ती हातात घेतली की रोज आठवतं की मी देणेकरी आहे. विचित्र वाटतं. वाईट नाही, विचित्र." मला वाटतं त्या दिवसापासून ते लूझशी बोलताना वाकून बोलायचे थांबले. नेहमीच्या आवाजात बोलू लागले.

निघायच्या दिवशी शनिवार होता. तरी आजींनी लूझला सुट्टी दिली, "आज रविवार" असं जाहीर करून. ती निळा झगा घालून विमानतळापर्यंत आली. आम्ही काही बोललो नाही. आम्हाला सवय होती. तिने माझ्या पिशवीत लाकडी चिमट्यांचं पुडकं घातलं.

कराडला आल्यावर आळीत सगळ्यांनी विचारलं, काय पाहिलंस? मी उंच इमारती सांगितल्या, कोपी सांगितली, बांबू सांगितले. त्या गोल मांडलेल्या खुर्च्यांचं कुणाला सांगितलं नाही, ह्यांना सोडून. हे म्हणाले, "म्हणजे तुझ्याच जातीची माणसं भेटली की!" आणि गिरणीचा पट्टा चढवायला गेले.

माझे सत्तर राहिले होते. दिवाळीत मी पहिल्यांदा चकल्यांच्या ऑर्डरी घेतल्या. त्यासाठी दोन नव्या बायकांशी मला स्वतःहून बोलावं लागलं. निखिलराव कामाला पुण्यात आले होते, त्यांच्याकडे चाळीस डॉलरचे रुपये दिले. डॉलरचा भाव ह्यांनी पेपरात बघून सांगितला. बाकीचे तीस संक्रांतीला अपर्णा बाळाला घेऊन आली तेव्हा तिच्या हातावर ठेवले. ती नको नको करत होती. मी म्हटलं, "हे तुझे नाहीत. तू फक्त पोस्टमन." ताई शेजारी बसून हसली.

मी अजून रविवारी बसते. तिथे साडेदहा वाजतात तेव्हा आपल्याकडे आठ. गिरणी नऊला सुरू होते. तेवढा वेळ मागच्या ओट्यावर लुगड्याला लूझचे चिमटे लावून झाले की मी बसते. मनात रामरक्षा म्हणते आणि ती संपली की नुसती. साहेब आणि आजी आता काय भांडत असतील असं मनात येतं. निवडणुकीत आजींना त्याही वेळी घरीच बसावं लागलं, ते मी तिथे असतानाच कळलं होतं. ती माणसं एकमेकांना पटलेली नाहीत, पटणारही नाहीत. तरी खुर्च्या गोलच मांडतात. आमच्या आळीत ते जमलं नाही, भिशीत तेवढं जमतं.

काल रेणूचं पत्र आलं, हिंदीत, मोठ्या अक्षरात. लूझची मुलगी परीक्षा पास झाली. लूझने सगळे सहाशे फेडले, ठरल्यापेक्षा एक महिना आधी. साहेबांचा शेवटचा हप्ता तीनदा आठवण करून दिल्यावर आला, पण आला. आता पेटीतून आजींची पाळी आहे, त्या नाही नाही म्हणतायत. आणि खाली बैठकीच्या वहीतली एक ओळ तिने मला उतरवून पाठवली. चष्मा लावून ती मी दोनदा वाचली. कराडच्या वत्सलाबाईंचे ऐंशी डॉलर पूर्ण पोचले, बाकी काही नाही.